डॉ. सलीम अली : छंदापायी सोडलेल्या गोष्टी

दहावी-बारावीचे निकाल लागले की शाळेच्या कार्यालयापुढे पालकांची जी गर्दी होते, तिच्यात एक प्रश्न हमखास कानी पडतो. मुलाला कोणत्या शाखेला घालावे म्हणजे त्याला लवकर नोकरी लागेल? प्रश्न गैर नाही. ज्या घरात एका पगारावर सहा-सात माणसे जेवतात, त्या घराने हाच प्रश्न आधी विचारला पाहिजे. परंतु त्याच गर्दीत वडिलांच्या मागे उभा असलेला एखादा मुलगा असा असतो की ज्याचे मन शाखेत नाही, गुणपत्रिकेत नाही, भलत्याच कशात तरी गुंतलेले आहे. गणितात तो काठावर पास झालेला असतो आणि त्याच्या दप्तरात अभ्यासक्रमाबाहेरचे एखादे पुस्तक असते. वडील त्याच्याकडे काळजीने पाहत असतात. अशा पालकांनी आणि अशा मुलानेही एकदा डॉ. सलीम अली यांच्या आयुष्याकडे पाहावे, म्हणून हा लेखप्रपंच.

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म मुंबईत १२ नोव्हेंबर १८९६ रोजी एका सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. ते वर्षाचे होतात न होतात तोच वडिलांचे छत्र गेले आणि तिसऱ्या वर्षी आईही अल्लाला प्यारी झाली. या पोरक्या मुलांना त्यांचे मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी खेतवाडीतल्या आपल्या घरी नेले. मामा-मामींना मूलबाळ नव्हते. त्यांनी या भाचरांना पोटच्या मुलांप्रमाणे वाढविले. तय्यबजी घराणे म्हणजे विद्येची आणि सार्वजनिक कामाची परंपरा असलेले घराणे. अंजुमन-ए-इस्लामच्या संस्थापकांपैकी एक आणि १८८७ साली राष्ट्रसभेचे अध्यक्ष झालेले न्या. बद्रुद्दीन तय्यबजी याच घराण्यातले. स्वातंत्र्यलढ्यात उतरलेले अब्बास तय्यबजी हेही सलीमचे नातेवाईक. तथापि खेतवाडीतले घर काही नबाबी थाटाचे नव्हते. माणसांनी भरलेले, मध्यम परिस्थितीचे घर होते ते.

मामा शिकारीचे शौकीन. त्या काळी शिकार हा प्रतिष्ठित घरांतला मान्य छंद होता, तेव्हा मुलाच्या हाती छऱ्याची खेळातली बंदूक आली यात नवल नाही. मुलगा ती घेऊन चिमण्यांच्या मागे लागला. घरच्या तबेल्यात उभ्या असलेल्या गाडीच्या आड बसून त्याने एका घरट्यावर पाळत ठेवली. मादी आत अंडी उबवीत होती आणि नर बाहेर राखण करीत होता. त्याने नर मारला. थोड्याच वेळात दुसरा नर येऊन त्या जागी बसला. तोही मारला, तर तिसरा हजर! सात दिवसांत त्याच जागेवर त्याने आठ नर टिपले. आज हे वाचताना वाईट वाटते, आणि वाटायलाच हवे. पण गंमत अशी की मुलाने हा सगळा प्रकार वहीत लिहून ठेवला. कोणी सांगितले नव्हते, शाळेने गृहपाठ दिला नव्हता. मादीजवळ रिकामी झालेली जागा लगेच कशी भरते, हे त्याला कुतूहलाचे वाटले म्हणून त्याने ते टिपून ठेवले इतकेच. हे टिपण पुढे अनेक वर्षांनी छापले गेले.

मग एके दिवशी त्याने मारलेल्या चिमण्यांत एक वेगळीच निघाली. बाकी सारे चिमणीसारखे, पण गळ्यावर पिवळा डाग. घरात चिमण्या हलाल करून शिजवीत असत. ही खाणे जायज आहे की नाही, असा प्रश्न दहा-अकरा वर्षांच्या मुलाला पडला आणि तो ती घेऊन मामांकडे गेला. मामांनी पक्षी उलटसुलट करून पाहिला. त्यांनाही तो ओळखता येईना. येथे मामांनी जे केले ते प्रत्येक पालकाने नीट पाहण्यासारखे आहे. चिमणीसारख्या क्षुल्लक गोष्टीत काय वेळ घालवतोस, असे ते म्हणाले नाहीत. स्वतःला येत नाही हे झाकण्यासाठी काहीतरी ठोकूनही दिले नाही. ते सोसायटीचे सभासद होते. त्यांनी तेथील चिटणीस मिलार्ड साहेबांच्या नावे एक चिठ्ठी लिहिली आणि भाच्याला मेलेल्या पक्ष्यासह तिकडे पाठविले.

सोसायटीची स्थापना १८८३ सालची. त्या वेळी तिचे कार्यालय अपोलो स्ट्रीटवर, फिप्सन नावाच्या दारूच्या व्यापाऱ्याच्या पेढीत होते. मिलार्ड स्वतः त्या पेढीचे भागीदार होते. मुसलमान घरातला एक लाजरा मुलगा कागदाच्या पुडीत चिमणी घेऊन त्या पेढीत शिरला आणि एका अनोळखी इंग्रजापुढे उभा राहिला, तेव्हा त्याची काय अवस्था झाली असेल! मिलार्ड यांनी पक्षी पाहताक्षणी ओळखला : ती पीतकंठी चिमणी, म्हणजे रानचिमणी होती. पण ते नाव सांगून थांबले नाहीत. त्यांनी खणाखणांतून पेंढा भरून ठेवलेले पक्षी काढून मुलाला दाखविले, वाचायला पुस्तके दिली आणि पक्ष्याचे कातडे काढून ते कसे टिकवावे हे शिकण्याची सोय करून दिली. १९०८ च्या सुमारास घडलेली ही भेट काही मिनिटांचीच असावी. त्या मुलाचे पुढचे एकोणऐंशी वर्षांचे आयुष्य तिच्या मागोमाग गेले.

शाळेत मात्र सारा आनंदच होता. तेराव्या वर्षाच्या सुमारास डोकेदुखीचा विकार जडला, शाळा वारंवार बुडू लागली. कोरड्या हवेचा गुण येईल म्हणून त्यांना सिंधमध्ये नातेवाइकांकडे पाठविण्यात आले. १९१३ साली मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक कशीबशी पार पडली. सेंट झेवियर कॉलेजात नाव घातले, पण पहिल्याच वर्षात बीजगणिताने नाकी नऊ आणले आणि त्यांनी कॉलेज सोडले. त्यांनी सोडलेल्या गोष्टींपैकी ही पहिली, आणि हिच्यात थोरवी काही नाही. ते हरून बाहेर पडले होते. चरित्रकार अशा वेळी जी मखलाशी करतात ती करण्याची गरज नाही.

कुटुंबाचा ब्रह्मदेशात तवॉय येथे व्यवसाय होता. वुलफ्रॅम नावाच्या खनिजाच्या खाणी आणि इमारती लाकूड. पहिल्या महायुद्धात चिलखती पोलादासाठी वुलफ्रॅमला मागणी आली होती. सलीम भावाच्या मदतीला तिकडे गेले. धंदा बघायचा म्हणून जंगलात जायचे आणि जंगलात गेल्यावर पक्षी बघत बसायचे, असा क्रम सुरू झाला. त्या रानांनी त्यांना पक्ष्यांविषयी पुष्कळ शिकविले; हिशेबाच्या वह्यांना त्याचा लाभ झाला नाही, हे उघड आहे. १९१७ साली ते मुंबईस परतले. धंद्याला उपयोगी पडावे म्हणून दावर्स कॉलेजात व्यापारी कायदा व हिशेब शिकू लागले. तेव्हा सेंट झेवियरमधील फादर ब्लॅटर या वनस्पतिशास्त्रज्ञ धर्मगुरूंच्या नजरेस हा मुलगा पडला. त्यांनी त्याला प्राणिशास्त्राच्या वर्गाला बसण्यास राजी केले. सकाळी दावर्समध्ये जमाखर्च आणि नंतर झेवियरमध्ये प्राणिशास्त्र! पुष्कळ मुलांना असे दोन दरडींवर पाय ठेवून चालावे लागते. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

डिसेंबर १९१८ मध्ये त्यांचा निकाह दूरच्या नात्यातील तेहमिना बेगम यांच्याशी झाला. तेहमिना सुशिक्षित होत्या, इंग्रजी साहित्याची त्यांना उत्तम जाण होती. पुढे सलीम अलींच्या लेखनाची भाषा घडविण्यात त्यांचा मोठा हात होता. ब्रह्मदेशातला धंदा मात्र अखेर मोडला. नोकरी शोधणे भाग पडले. भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागात पक्षिशास्त्रज्ञाची जागा त्यांना मिळू शकली नाही, कारण विद्यापीठाची पदवी नव्हती. विषय येतो पण कागद नाही, हे दुःख आपल्या समाजातल्या अनेकांना ठाऊक आहे.

१९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये (आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) निसर्गविभाग नव्याने उघडला होता. तेथे येणाऱ्यांना आणि विद्यार्थ्यांना माहिती सांगण्यासाठी त्यांची नेमणूक झाली. पगार दरमहा ३५० रुपये. त्या काळाच्या मानाने ही सुखाची नोकरी होती. मुंबईत घर, वेळेवर पगार आणि विषयही आवडीचा. आणखी काय पाहिजे? पण दोन वर्षांत त्यांच्या लक्षात आले की काचेच्या कपाटांपुढे उभे राहून तेच तेच सांगताना आपले ज्ञान मात्र जागच्या जागी राहिले आहे. १९२८ साली त्यांनी रजा घेतली आणि जर्मनी गाठली.

बर्लिनच्या विद्यापीठाच्या प्राणिसंग्रहालयात प्रा. एर्विन स्ट्रेझेमान हे पक्षिशास्त्रातले थोर आचार्य होते. सलीम अली त्यांना अखेरपर्यंत गुरू मानीत. तोपर्यंत आपल्याकडचे पक्षिशास्त्र म्हणजे मुख्यतः पक्षी मारणे, त्याचे कातडे काढणे, मापे घेणे आणि नाव देणे. स्ट्रेझेमान यांच्या सहवासात त्यांना उमगले की खरा अभ्यास जिवंत पक्ष्याचा आहे : तो घरटे कसे बांधतो, जोडीदार कसा निवडतो, काय खातो, कोठून येतो आणि कोठे जातो. उत्तर समुद्रातल्या हेलिगोलँड बेटावर त्यांनी आणखी एक गोष्ट पाहिली. पक्षी जाळ्यात धरायचा, त्याच्या पायात नंबर कोरलेले हलके कडे घालायचे आणि त्याला सोडून द्यायचे. पुढे कधीतरी, कोठेतरी, कोणाच्या तरी हाती तो पुन्हा लागला तर त्याच्या प्रवासाचा पत्ता लागतो. धरून ठेवण्यापेक्षा सोडून देण्याने अधिक कळते, हे शास्त्र त्यांनी तेथे शिकून घेतले.

१९३० साली ते परत आले तर म्युझियममधली जागाच उरली नव्हती. पैशाअभावी ती रद्द करण्यात आली होती. वय ३३ वर्षे, पदरी पत्नी, हाती पदवी नाही, नोकरी नाही. रजेवर जाण्याचा निर्णय आता घरी-दारी किती जणांना मूर्खपणाचा वाटला असेल! मुंबईतला खर्च झेपेना. तेव्हा दोघे समुद्र ओलांडून आपल्या अलिबागजवळच्या किहीम गावी राहायला गेले. तेथे त्यांना राहता येण्याजोगे घर होते, नारळी-पोफळीची सावली होती आणि जगायला फारसा पैसा लागत नव्हता.

पावसाळा सुरू झाला आणि घराजवळच्या झाडांवर सुगरणींनी घरटी विणायला सुरुवात केली. सुगरणीचा खोपा आपल्या मराठी मुलखात कोणाला ठाऊक नाही? पण तो लाखो लोकांनी पाहिलेला असला, तरी त्याच्यापुढे महिनोन्महिने बसून राहणारा माणूस क्वचितच झाला असेल. सलीम अली बसले. नोकरी नसल्यामुळे वेळ भरपूर होता. आणि त्यांना जे दिसले ते तोपर्यंत कोणी मांडलेले नव्हते. आपण त्या पक्ष्याला सुगरण असे बाईचे नाव दिले आहे, पण विणकाम करतो तो नर. तो गवताची पाती चिरून आणतो आणि अर्धे घरटे तयार करून थांबतो. मग माद्या येतात. आत शिरून, ओढूनताणून, घर बघायला आलेल्या चोखंदळ बाईप्रमाणे त्या घरट्याची तपासणी करतात. एखादीला ते पसंत पडले तर ती तेथे राहते आणि नर उरलेले काम पुरे करतो. मादी अंडी घालून उबवू लागली की हा गृहस्थ तिला तेथेच ठेवून पुढचे घरटे बांधायला घेतो आणि दुसऱ्या मादीची वाट पाहतो. असे एका हंगामात अनेकदा घडते. ज्या नराचे घरटे कोणालाच पसंत पडत नाही, त्याचे काम तसेच अर्धवट लोंबत राहते. झाडावर दिसणाऱ्या त्या अर्ध्या घरट्यांविषयी लोकांत नाना कल्पना होत्या. खरे कारण हे निघाले. हा निबंध प्रसिद्ध झाल्यावर परदेशातल्या पक्षिशास्त्रज्ञांना सलीम अली हे नाव माहीत झाले. म्युझियमची ती नोकरी टिकली असती तर हे काम बहुधा झाले नसते.

आता उपजीविकेचा प्रश्न होताच. त्यावर त्यांनी जो तोडगा काढला तो व्यवहारी माणसाला न पटणारा आहे. संस्थानांच्या मुलखातील पक्ष्यांची नीट नोंद कोणी केलेली नव्हती. सलीम अलींनी कळविले की मुक्कामाचा आणि प्रवासाचा खर्च मिळाला तर आपण हे काम विनावेतन करू. हैदराबाद, कोचीन, त्रावणकोर, पुढे ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ आणि कच्छ असे एकामागून एक संस्थान पालथे घातले गेले. बैलगाड्या, उंट, गळके तंबू, मलेरियाचे रान. एखाद्याला वाटेल, एवढ्या विद्वान माणसाने फुकट काम का करावे? पण वेतन सोडल्याने त्यांना पाहिजे ते मिळत होते. कोणाचा हुकूम नाही, हजेरीपट नाही, दिवसभर पक्षी. कच्छच्या रणात १९४५ साली उंटावरून जाऊन त्यांनी रोहितांची, म्हणजे अग्निपंखांची, मातीच्या घरट्यांची अफाट वस्ती पाहिली. तेथे लाखोंनी पक्षी होते.

मात्र येथे एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. हा सौदा एकट्या सलीम अलींनी केलेला नव्हता. पगार गेला तेव्हा तो तेहमिना बेगमांच्याही घरातून गेला. सुखवस्तू घरात वाढलेल्या, पुस्तकांत रमणाऱ्या या बाई मोहिमांमागून मोहिमांना नवऱ्याबरोबर तंबूत राहिल्या आणि मुक्कामाची सारी व्यवस्था त्यांनी सांभाळली. शिवाय पाठीशी मोठा परिवार होता, वेळ पडली तर डोके टेकायला घर होते. ज्या मुलाच्या पाठीशी यातले काहीच नाही, त्याला नुसते छंदामागे जा म्हणून सांगणे हा सांगणाऱ्याचा बेजबाबदारपणा ठरेल. छंदाची किंमत असते आणि ती पुष्कळदा घरातली दुसरीच माणसे चुकती करीत असतात. सलीम अलींनी हे ऋण कधी नाकारले नाही, हे त्यांच्या आत्मचरित्रात जागोजागी दिसते.

१९३९ साली एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर तेहमिना बेगम अचानक वारल्या. लग्नाला एकवीस वर्षेही पुरी झाली नव्हती. मूलबाळ नव्हते. या आघाताने ते पार खचले. त्यांनी आपले वेगळे बिऱ्हाड मोडले आणि मुंबईत पाली हिलवर बहीण कम्मू आणि मेहुणे हसन अली यांच्याकडे राहायला गेले. पुन्हा लग्न केले नाही. स्वतःचे घर म्हणून काही त्यांनी नंतर उभारले नाही. बहिणीच्या घरातली एक खोली आणि बाकी सारा देश. कम्मू आणि हसन अली यांनी भावाची जी जबाबदारी उचलली तिच्यामुळे पुढची पुस्तके झाली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

त्यांतले पहिले, भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे सुप्रसिद्ध इंग्रजी पुस्तक, १९४१ साली निघाले. त्यात पक्ष्यांची रंगीत चित्रे होती आणि शास्त्र न शिकलेल्या माणसालाही समजेल अशी भाषा. पंडित नेहरूंनी तुरुंगातून त्याची एक प्रत आपल्या कन्येला, इंदिराजींना पाठविली आणि त्यांना पक्ष्यांची गोडी तेथून लागली. त्या पुस्तकाच्या आवृत्तीवर आवृत्ती निघत गेल्या. देशात आज जे हौशी पक्षिनिरीक्षक दुर्बीण गळ्यात अडकवून रविवारी पहाटे बाहेर पडतात, त्यांच्या कित्येक पिढ्या त्यावर पोसल्या गेल्या.

हा मनुष्य कोरडा तपस्वी होता असे मात्र कोणी समजू नये. मोटारसायकलचे त्यांना वेड होते. ब्रह्मदेशात असल्यापासून त्यांनी निरनिराळ्या बनावटीच्या गाड्या बाळगल्या. १९५० साली स्वीडनमध्ये उप्साला येथे जागतिक पक्षिशास्त्र परिषद भरली, तेव्हा वयाच्या ५३ व्या वर्षी त्यांनी आपली सनबीम गाडी बोटीने युरोपात नेली आणि तिच्यावरून फिरत फिरत परिषदेला हजर झाले. हिंदुस्थानातून हे गृहस्थ मोटारसायकलवरून आले, असे काही जणांना तेथे वाटले म्हणतात.

स्वातंत्र्यानंतर सोसायटीचा कारभार त्यांच्या खांद्यावर आला. इंग्रज सभासद मायदेशी गेले, पैसा आटला. त्यांनी पंडितजींना पत्र लिहून सरकारी मदत मिळविली आणि ज्या संस्थेने लहानपणी आपल्याला दार उघडले ती बंद पडू दिली नाही. स्वतःसाठी कोणाच्या दारी न जाणारा माणूस संस्थेसाठी गेला. १९५८ साली त्यांना पद्मभूषण मिळाले आणि त्याच वर्षी अलीगढ मुस्लिम विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. बीजगणितामुळे कॉलेज सोडलेला विद्यार्थी डॉ. सलीम अली झाला तो असा, वयाच्या बासष्टाव्या वर्षी.

पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या साह्याने सोसायटीने स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांना कडी घालण्याचे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतले. पक्ष्यांबरोबर रोग देशोदेशी जातात की काय, हे तपासायचे होते. हेलिगोलँडला पाहिलेले काम आता भरतपूरच्या तळ्याकाठी आणि इतरत्र होऊ लागले. हजारो पक्षी पकडून, नोंदून, हातातून मोकळे केले जाऊ लागले. या शिबिरांत कितीतरी तरुण तयार झाले. ते शिस्तीचे कडक होते. वेळ चुकविणारा आणि नोंद अंदाजाने लिहिणारा, दोघांचीही ते गय करीत नसत.

अमेरिकेचे पक्षिशास्त्रज्ञ सिडनी डिलन रिप्ले यांच्यासह त्यांनी भारत-पाक उपखंडातील सर्व पक्ष्यांचा दहा खंडांचा महाग्रंथ लिहिला. पहिला खंड १९६८ साली आला, तेव्हा ते ७१ वर्षांचे होते. दहावा १९७४ साली, तेव्हा ७७ वर्षांचे. ज्या वयात माणसे पेन्शनच्या रांगेत उभी असतात त्या वयात त्यांनी आयुष्यातले सर्वांत मोठे काम केले, कारण त्यांना पेन्शन नव्हती आणि ज्यातून निवृत्त व्हावे अशी नोकरीही नव्हती.

या कार्याबद्दल जगभरातून मान मिळाले. जे. पॉल गेटी यांच्या नावाचे वन्यजीवरक्षणाचे मोठे पारितोषिक मिळाले, त्याची रक्कम फार मोठी होती. बहिणीच्या घरी राहणाऱ्या या माणसाने ती आपल्याजवळ ठेवली नाही. सोसायटीच्या निसर्गरक्षण निधीसाठी देऊन टाकली. १९७६ साली पद्मविभूषण आणि १९८५ साली राज्यसभेचे सदस्यत्व आले. केरळातील सायलेंट व्हॅलीचे जंगल धरणाखाली जाऊ नये म्हणून आणि भरतपूर टिकावे म्हणून त्यांनी आपला सारा शब्द खर्च केला.

भरतपूरविषयी मात्र एक कडू गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर हे चरित्र स्तुतिपाठ होईल. त्या पाणथळीत आजूबाजूच्या खेड्यांतील म्हशी पिढ्यान्‌पिढ्या चरत आल्या होत्या. त्यांना आत येऊ देऊ नये, असे सलीम अलींचे ठाम मत होते आणि त्यांच्या शब्दाला दिल्लीत वजन होते. १९८२ साली चराई बंद झाली. गावकऱ्यांनी विरोध केला, पोलिसांचा गोळीबार झाला आणि त्यात माणसे मेली. पुढे सोसायटीच्याच शास्त्रज्ञांनी अनेक वर्षे अभ्यास केला, तेव्हा असे दिसून आले की म्हशी गेल्यामुळे पाण्यातले गवत बेसुमार माजले आणि पाणपक्ष्यांना जागा उरेना. जो मनुष्य सुगरणीच्या घरट्यापुढे महिनोन्महिने गप्प बसून आपल्या कल्पना बाजूला ठेवू शकला, त्याला म्हशींबाबतची कल्पना सोडता आली नाही. पगार सोडणे त्यांना जमले, घर सोडणे जमले, पारितोषिकाची रक्कम सोडणे तर सहज जमले. पण ८५ व्या वर्षी, सारे जग मान देत असताना, आपले मत सोडणे अवघड असते. मोठ्या माणसाची चूकही मोठी होते आणि तिची झळ भलत्यांनाच बसते.

काही गोष्टी त्यांना मिळाल्याच नाहीत. हिमालयातला पहाडी लावा हा पक्षी १८७६ नंतर कोणी पाहिलेला नव्हता. त्यासाठी त्यांनी मोहिमा केल्या, पण तो हाती लागला नाही. उलट कुमाऊँच्या तराईत, नाहीसा झाला असे मानली गेलेली सुगरणीची एक जात त्यांना ध्यानीमनी नसता गवसली. या सापडण्याचा आनंद त्यांना फार होता.

त्यांचे आत्मचरित्र १९८५ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाले. त्याच्या नावात चिमणीच आहे, तीच मामांकडे नेलेली. प्रोस्टेटच्या कर्करोगाशी दीर्घ झुंज देऊन २० जून १९८७ रोजी मुंबईत, वयाच्या ९० व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. गोव्यात चोडण बेटावरचे पक्षी अभयारण्य आणि कोइंबतूरची १९९० साली स्थापन झालेली संशोधन संस्था त्यांचे नाव चालवीत आहेत. २०१६ साली हिमालयातील एका कस्तुरासारख्या पक्ष्यालाही त्यांचे नाव देण्यात आले. दिसायला तो त्याच्या शेजाऱ्यासारखाच, म्हणून इतकी वर्षे दोघांना एकच समजत होते. अरुणाचलच्या डोंगरात काही अभ्यासक पक्षी ऐकत उभे होते, तेव्हा त्यांच्या लक्षात आले की वर, झाडे संपतात तेथे, गाणे कर्कश आहे आणि खाली जंगलात ते गोड आहे. खालच्या, गोड गाणाऱ्या पक्ष्याला सलीम अलींचे नाव मिळाले.